बचत गटातील बचतीची मालमत्ता कधी होते?

बालाघाटकर

बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांत महिला बचत गटांचे हिशेब लिहून देणे आणि तपासणे हे माझे काम आहे. वह्या तपासताना एक प्रश्न सतत पडतो, तो येथे मांडते.

समजा, बारा जणींचा गट आहे आणि प्रत्येकीची महिन्याची बचत १०० रुपये ठरली आहे. वर्षाला १४,४०० रुपये जमतात, पाच वर्षांत ७२,००० होतात. शिवाय दरमहा शेकडा दोन रुपये दराने दिलेल्या अंतर्गत कर्जाचे व्याज गटातच राहत असल्यामुळे निधी त्याहून बराच वाढतो. जे व्याज पूर्वी सावकाराच्या घरी जात होते ते बायकांच्याच पेटीत राहिले, हे गटांचे मोठे काम आहे आणि ते कोणी नाकारू नये. महिला आर्थिक विकास महामंडळाची (माविम) स्थापना १९७५ सालची, नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला तो १९९२ साली, आणि २०११ नंतर राज्याच्या उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामुळे वाड्यावस्त्यांपर्यंत गट पोचले. इतक्या वर्षांनंतर आता पुढचा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

कर्जवहीत ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात वरपासून खालपर्यंत दवाखाना, शाळेची फी, बियाणे व खत, बाळंतपण, नातलगाचे लग्न, पुन्हा दवाखाना अशा नोंदी असतात. शेळी किंवा शिलाई मशीन मध्येच कुठेतरी एखादे. पाच वर्षांनी त्या बाईच्या नावे गटाच्या वहीत सहा हजार रुपये आणि व्याजाचा वाटा दिसतो. घरात मात्र अडीअडचणीला गहाण ठेवता येईल, ज्यातून उत्पन्न येईल किंवा जे लेकरांना देता येईल असे काही उभे राहिलेले नसते. याला मी अपयश म्हणत नाही. दवाखान्याच्या वेळी दारात उभी असलेली म्हैस विकावी लागली नाही, हीसुद्धा मालमत्ताच राखली गेली. पण राखणे आणि उभी करणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर बहुतेक गट ओलांडत नाहीत असे मला दिसते. ते का, यावर या मंचावरील अनुभवी सभासदांनी लिहावे.

सडेतोड

प्रश्न चांगला आहे, पण त्याच्या मुळाशी असलेले गृहीतक मला मान्य नाही. हातावर पोट असणाऱ्या माणसाला बचतीचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या गरिबीचा दोष त्याच्याच काटकसरीच्या अभावावर टाकणे होय. आपण ज्या भागाविषयी लिहीत आहात तेथील मोठी लोकसंख्या ऊसतोडीला जाते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्या जोडीला हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. उचल दिवाळीपूर्वी खर्च होते आणि नंतर पाच-सहा महिने ती फेडण्यासाठी ऊस तोडावा लागतो. तोड कमी भरली तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. ज्या कुटुंबाचे वर्षच वजाबाकीने सुरू होते, त्याने महिन्याला १०० रुपये गटात टाकले काय आणि न टाकले काय. आधी मजुरीचा दर आणि उचलीची व्यवस्था यांवर बोलायला हवे. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, पण तळ्याच्या तळाला भगदाड असेल तर थेंबांचा हिशेब कशाला ठेवायचा?

बालाघाटकर

सडेतोड, उचलीबद्दल आपण लिहिले ते अक्षरशः खरे आहे आणि मजुरीचा प्रश्न बाजूला सारावा असे मीही म्हणत नाही. मात्र ‘गरीब माणूस बचत करूच शकत नाही’ हे माझ्या पाहण्याशी जुळत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकाही गटाची रक्कम बुडू नये म्हणून सहा महिन्यांची बचत जाण्यापूर्वी एकरकमी भरून जातात किंवा जावेकडे ठेवून जातात. बचत होतेच, ती कुठे ठेवायची आणि ती सुरक्षित राहते का, हा खरा पेच आहे.

निवृत्त लिपिक

बालाघाटकर ताई, आपल्या शेवटच्या वाक्याला धरूनच लिहितो, कारण माझी नोकरी सहकारी पतपुरवठ्याच्या क्षेत्रात गेली.

लहान गावात आणि शहरातल्या बाजारपेठेत गरिबाची बचत सर्वांत जास्त कोणी गोळा केली असेल तर पिग्मी एजंटाने. सिंडिकेट बँकेने १९२८ साली दक्षिण कन्नड भागात रोज दोन आण्यांपासून ठेव घेण्यास सुरुवात केली आणि पुढे तीच पद्धत आपल्याकडील पतसंस्थांनी उचलली. भाजीवाली, चहाच्या टपरीवाला, चांभार यांच्याकडे एजंट रोज संध्याकाळी येतो, वीस-पन्नास रुपये घेतो आणि पुस्तकात किंवा यंत्रावर नोंद करतो. या बचतीवर व्याज नगण्य मिळते, मुदतीपूर्वी मोडली तर उलट कपात होते, आणि तरीही लोक ती करतात. कारण उघड आहे: पैसे घरात राहिले तर खर्च होतात आणि बँकेत जायचे तर एक रोज बुडतो.

पण येथे एक गोष्ट लोकांना कोणी नीट सांगत नाही. बँकेतील ठेवीला, मग ती नागरी सहकारी बँक असली तरी, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपये आहे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, त्यामुळे तिच्यातील ठेवीला हे संरक्षण नाही. पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द दोन्हीकडे असतो आणि ठेवीदाराला फरक कळतो तो संस्थेला कुलूप लागल्यावर. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, त्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त होते, लिलावही होतात. परंतु मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे नातवाच्या वेळी मिळाले तर त्याला न्याय म्हणणे जड जाते. आमच्या तालुक्यात एक पतसंस्था बुडाली तेव्हा मोठे ठेवीदार आधीच पैसे काढून मोकळे झाले होते. मागे राहिले ते पिग्मीवाले. अशा एका प्रसंगाने वस्तीतील लोकांचा बचतीवरचा विश्वास पिढीभरासाठी उडतो, हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

काळी माती

मी लातूर जिल्ह्यातला आहे, तेव्हा शेळीबद्दल लिहिणे माझ्याकडेच येते.

आमच्याकडची उस्मानाबादी शेळी दोन वर्षांत साधारण तीन वेळा विते आणि पुष्कळदा जुळी करडे देते. भूमिहीन बाईसाठी मालमत्तेची पहिली पायरी तीच असते, कारण तिला सातबारा लागत नाही, गोठा लागत नाही आणि बांधावरचा पाला चालतो. ज्यांच्याकडे शेळी घेण्याइतकेही पैसे नसतात त्या अर्धलीने घेतात: शेळी मालकाची, राखण हिची आणि होणाऱ्या करडांत निम्मा वाटा. दोन-तीन वेतांनंतर हिच्या वाट्याची पाट, म्हणजे मादी करडू, मोठी झाली की ती स्वतःची मालकीण होते. गट, बँक, योजना यांतले काहीही नसताना चालत आलेली मालमत्ता उभारणीची ही पद्धत आहे आणि तिचा कागदोपत्री उल्लेख क्वचितच आढळतो.

मात्र शेळीवाटपाच्या योजनांबद्दल मला फार बरे बोलता येणार नाही. जनावरे एकदम आणि भलत्याच ऋतूत येतात, बाहेरच्या हवेची असतात, आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचलेली नसते. महिनाभरात निम्मी दगावतात, मग विम्यासाठी कानातला बिल्ला शोधत बसायचे. दुसरे म्हणजे, शेळी विकायची केव्हा हे बाईच्या हातात राहिले तरच फायदा होतो. बकरी ईदच्या आधी बोकडाला जो भाव मिळतो तो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बियाण्यासाठी नड असताना व्यापारी दारात येऊन जो भाव देतो तो, यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. गटाने जूनमध्ये बियाण्यासाठी कर्ज दिले तर तिचा बोकड ईदपर्यंत टिकतो. बालाघाटकर ताई, त्यामुळे आपल्या रकान्यातल्या ‘बियाणे व खत’ या नोंदीकडे पुन्हा एकदा पाहावे. त्यातल्या काही नोंदींच्या मागे एक न विकलेला बोकड असू शकतो.

मंदाकिनी

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. जनावर देऊन भागत नाही, याला बाहेरही भक्कम आधार आहे. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने २००२ पासून अतिगरीब कुटुंबांसाठी जो कार्यक्रम चालवला त्यात जनावर किंवा व्यवसायाचे साहित्य, सुरुवातीचे काही महिने घरखर्चासाठी थोडी रोख रक्कम, प्रशिक्षण, बचतीची सोय आणि आठवड्याला घरी येणारा कार्यकर्ता असे सगळे एकत्र दिले जाते. खर्चाच्या रकमेचे महत्त्व विशेष आहे, कारण ती नसेल तर भुकेल्या घरातून जनावर बाजारात जाते. हाच नमुना इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत तपासला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दिलेली मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी कुटुंबांचा खर्च आणि मालमत्ता वाढलेली दिसली. पश्चिम बंगालमध्ये बंधन संस्थेने ज्या कुटुंबांसोबत काम केले त्यांच्यात तर दहा वर्षांनंतरही फरक टिकून होता. होंडुरासमध्ये मात्र अनेकांनी कोंबड्या निवडल्या, त्या रोगाने मेल्या आणि परिणाम विरून गेला. काळी माती यांचा लसीचा मुद्दा किती मोलाचा आहे, हे यावरून कळावे.

माणगंगा

जनावर राखण्याच्या संदर्भात म्हसवडचे उदाहरण द्यायला हवे. साताऱ्यातील माण हा कायम दुष्काळी तालुका. तेथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सभासद बायका निरक्षर आहेत, अंगठे लावतात, म्हणून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला होता. मग त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि आम्हाला व्याजाचा हिशेब तोंडी येतो, हवे तर तपासून पाहा, असे अधिकाऱ्यांना सांगून परवाना घेऊन आल्या. हा किस्सा पुष्कळांना माहीत आहे. मला सांगायचे आहे ते २०१२ च्या दुष्काळातील चारा छावणीविषयी. जनावरे कवडीमोलाने विकण्याची पाळी आली तेव्हा म्हसवडला माणदेशीने छावणी उघडली आणि हजारो जनावरे पाणी-चाऱ्यावर जगवली. बायका, म्हातारी माणसे, मुले जनावरांबरोबर छावणीतच राहत होती. बँकेच्या दृष्टीने पाहिले तर कर्ज देऊन घेतलेली गाय दुष्काळात विकली गेली असती आणि कर्ज तेवढे डोक्यावर राहिले असते. माणसांनी उभे केलेले टिकवण्यासाठी खर्च करणे हे नवे वाटप करण्यापेक्षा स्वस्त पडते, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही, ही त्यातली अडचण आहे.

मंदाकिनी

आता या धाग्यात अजून न आलेला मुद्दा मांडते: मालमत्ता झाली, पण कोणाच्या नावाने? बचत बाईची, हप्ता बाईचा, आणि त्यातून घेतलेली विहिरीवरची मोटार, म्हैस किंवा घराची दुरुस्ती पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, असे चित्र सर्रास दिसते. चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले आणि त्यानंतर शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करून देण्याचे आवाहन केले. अनेकांनी तो केलाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद, म्हणजे मुलांच्या बरोबरीच्या हिस्सेदार, मानले, तर केंद्राने ते पाऊल २००५ मध्ये टाकले. कायदा इतका पुढे असूनही तलाठ्याकडे फेरफार लावण्याची वेळ येते तेव्हा बहिणींकडून हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा लेख, लिहून घेतले जाते आणि भाऊ साडी-चोळी करतो. माहेरचे दार बंद होऊ नये म्हणून ती सही करते. या सहीची किंमत तिच्या आयुष्यभराच्या गटबचतीच्या कित्येक पट असते.

मालकीचा परिणाम केवळ पैशांपुरता नसतो. बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या अभ्यासात जमीन आणि घर यांपैकी काहीच नावावर नसलेल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी पतीकडून मारहाण झाल्याचे सांगितले. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. म्हणून गटाच्या कर्जातून वस्तू घ्यायची तर पावती सभासदाच्या नावाची असावी, एवढा साधा ठराव तरी प्रत्येक गटाने करावा असे मला वाटते.

सडेतोड

पावतीच्या ठरावाला माझा पाठिंबा आहे, पण तो बैठकीत मांडणाऱ्या बाईला घरी काय ऐकावे लागेल याचाही विचार व्हावा.

दूरदेशी

गेली बरीच वर्षे अमेरिकेत आहे, म्हणून तेथील एक गोष्ट सांगतो, जी भारतालाही लागू पडते. समाजकार्याचे प्राध्यापक मायकल शेराडन यांनी १९९१ च्या सुमारास असा विचार मांडला की गरिबांसाठीच्या योजना केवळ उत्पन्नाकडे पाहतात आणि मालमत्ता जमवणाऱ्याला उलट शिक्षा करतात. अपंग आणि वृद्ध गरिबांना तेथे जो निर्वाहभत्ता मिळतो त्यासाठी एकट्या व्यक्तीकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये, आणि ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही. चार पैसे बाजूला पडले की भत्ता बंद. आपल्याकडे घरकुल योजनेच्या निकषांत हेच झाले: दुचाकी किंवा फ्रीज असलेले कुटुंब अपात्र ठरे. २०२४ मध्ये या अटी शिथिल झाल्या, हे बरे झाले. पण मधल्या काळात कामावर जाण्यासाठी जुनी मोटारसायकल घेतलेल्या गवंड्याने घरकुल गमावले असेल, तर त्याला मालमत्ता उभारणीचा कोणता धडा मिळाला?

शेराडन यांच्याच विचारातून ओक्लाहोमा राज्यात २००७ साली एक प्रयोग सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी नवजात बालके निवडून त्यांच्या शिक्षण-खात्यात १,००० डॉलर जमा केले गेले. चार वर्षांची होईपर्यंत त्या मुलांच्या सामाजिक-भावनिक वाढीत फरक दिसला, तोही गरीब घरांत अधिक, आणि आईच्या मुलाच्या शिक्षणाविषयीच्या अपेक्षा टिकून राहिल्या. पैसे तर अजून कोणी काढलेही नव्हते.

निवृत्त लिपिक

दूरदेशी यांच्या उदाहरणाच्या जवळ जाणारी योजना आपल्याकडे आता आहे. राज्य सरकारच्या लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला, कुटुंबाकडे पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असल्यास, जन्मावेळी ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये मिळायचे आहेत. सुकन्या समृद्धी खाते २०१५ पासून आहे आणि वर्षाला किमान २५० रुपये भरून ते चालू ठेवता येते, पण त्यात पैसे पालकांनीच टाकायचे असल्यामुळे ते मुख्यतः पगारदारांच्या मुलींचेच भरते. लेक लाडकीतील टप्प्यांची रक्कम थेट मुलीच्या सुकन्या खात्यात वळवण्याचा पर्याय दिला, तर दोन्ही योजनांना अर्थ येईल असे माझे मत आहे.

काळी माती

या सगळ्यात एक अप्रिय गोष्ट राहून गेली. आमच्या गावात गटाच्या बैठकीच्या ओट्यावरच आता लघुकर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांची वसुली बसते. एकाच बाईवर तीन-तीन कंपन्यांचे हप्ते असतात आणि एकीचा भरायला दुसरीकडून उचलतात, म्हणजे याची टोपी त्याला. २०१० मध्ये आंध्रात हे प्रकरण इतके चिघळले की तेथील सरकारला ऑक्टोबरमध्ये अध्यादेश काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला की कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे जाऊ नयेत. पण उत्पन्नाचा आकडा कोण लिहितो, तर कर्ज विकायला आलेला मुलगा. बचत गटाला लोक आता सर्रास ‘लोन गट’ म्हणतात, आणि बालाघाटकर ताईंच्या मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच आहे. ज्या पैशातून मालमत्ता व्हायची तो पैसा मंगळवारच्या हप्त्याला जातो.

बालाघाटकर

सर्वांचे आभार. काळी माती यांच्या सूचनेवरून काही वह्यांतील जूनच्या नोंदी सभासदांबरोबर बसून पुन्हा वाचल्या, आणि खरोखरच दोघींनी सांगितले की त्या वेळी कर्ज मिळाल्यामुळे बोकड ठेवता आला. वहीत याची खूण कुठेही नव्हती. मंदाकिनी यांचा पावतीचा ठराव दोन गटांपुढे मांडला. एका गटाने तो लगेच मान्य केला. दुसऱ्या गटातील बायकांनी, सडेतोड यांना वाटत होते तसेच, घरी विचारून सांगतो असे उत्तर दिले.

आता एक हिशेबाचा प्रश्न निवृत्त लिपिकांना विचारायचा आहे. गट सोडणाऱ्या किंवा वारलेल्या सभासदाच्या वारसाला बहुतेक गट फक्त तिने भरलेली बचत परत करतात आणि व्याजातून वाढलेल्या निधीतील तिचा वाटा देत नाहीत. दहा वर्षे भरलेल्या बाईला केवळ १२,००० रुपये हातावर ठेवून वाटेला लावले जाते. यावर काही रीत बसवता येईल का?

निवृत्त लिपिक

बसवता येते, आणि ती अवघड नाही. दरवर्षी ३१ मार्चला गटाचा नफा काढावा, बुडीत ठरू शकणाऱ्या कर्जासाठी त्यातून काही भाग बाजूला ठेवावा आणि उरलेला प्रत्येकीच्या त्या दिवसापर्यंतच्या बचतीच्या प्रमाणात तिच्या खात्याला जमा दाखवावा. रोख वाटण्याची गरज नाही. वाटले तर निधी आटतो आणि कर्जे थांबतात. मात्र तो आकडा गटाच्या खतावणीबरोबरच सभासदाच्या स्वतःच्या पासबुकातही शाईने लिहावा आणि खाली अध्यक्ष व सचिव यांच्या सह्या घ्याव्यात. गट सोडताना देय रक्कम म्हणजे पासबुकातील बचत अधिक जमा नफा वजा तिच्याकडील कर्ज, असा ठराव नियमावलीत घालून तो इतिवृत्तात नोंदवावा. वारसाचे नावही त्याच पासबुकाच्या पहिल्या पानावर, तिच्याच इच्छेने आणि तिच्यासमोर लिहून घ्यावे. जुन्या वर्षांचे हिशेब सापडत नसतील तर यंदाच्या मार्चपासून सुरुवात करावी आणि मागील शिल्लक निधी एकदाच, आजच्या बचतीच्या प्रमाणात वाटून मांडावा. त्यावर कुरबुर होईल, पण ती बैठकीत होऊ द्यावी.